पाटचं मिनिट

४ जानेवारी

प्रिय आत्या,

नमस्कार, आणि लगेच रागावू नकोस. दिवाणखान्यातल्या खुर्चीत बसून ‘कार्टीला सवड मिळाली वाटतं’ असं तू म्हणणार, हे मला इथे ऐकू येतंय. फोन केला असता, पण फोनवर तू सगळ्याला ‘हो हो’ म्हणतेस आणि ठेवल्यावर काकांना विचारतेस, काय म्हणत होती ती. आजचा विषय ‘हो हो’ करून भागणारा नाही. चहा घेऊन बस.

पाणीपुरवठ्याच्या कंट्रोल रूममधलं तुझं जुनं मशीन अजून चालतंय. पण त्याचे सुटे भाग बनायचे केव्हाच बंद झालेत आणि शेवटचं राखीव बोर्डही नुकतंच बसवून टाकलं. आता काही बिघडलं की संपलं. म्हणून नवं मशीन आलंय. आणि प्रश्न असा पडलाय की नव्या मशीनला तुमची ‘पाट’ भाषा शिकवायची, की पाटलाच निरोप द्यायचा.

मीटिंगमध्ये मोठे साहेब म्हणाले, ‘चार माणसांनी एका खोलीत बसून केलेली भाषा. जगात दुसरं कुत्रं ती बोलत नाही. बाहेरची कंपनी सगळं तयार देतेय, घेऊन टाकू.’

मला राहवेना. मी उभी राहिले आणि म्हटलं, ‘साहेब, या शहरातला एकूण एक व्हॉल्व्ह पाटमधल्या प्रोग्रामवर उघडतो आणि मिटतो. आणि ते प्रोग्राम आपले पाळीवाले कामगार स्वतः लिहितात. टाकी तीन भरली तर व्हॉल्व्ह सात दोन मिनिटांत बंद, इतक्या साध्या शब्दांत. तयार माल घेतलात तर एक शब्द बदलायला त्या कंपनीच्या माणसाची वाट बघत बसावं लागेल. पाटचा कंपायलर मला नव्या मशीनवर चढवू द्या.’

‘कंपायलर म्हणजे नेमकं काय?’ साहेबांनी विचारलं. इतकी वर्षं त्याच्या जिवावर पाणी पितायत, आणि आता विचारतायत! मी म्हटलं, दुभाषा. माणसाने लिहिलेलं वाचतो आणि मशीनला कळतील अशा आकड्यांत सांगतो. साहेबांनी मान हलवली आणि निकाल दिला: डोंगरावरच्या टाकीच्या लाइनवर चाचणी घ्यायची. पास झाली तर पाट राहील. नाही झाली तर पाट बंद आणि आमचा विभागही बंद.

तर मी कामाला लागलेय आणि मला जमणार आहे, त्याची काळजी नको. पण तुमचा कंपायलर तुम्ही पाटमध्येच लिहिलाय! म्हणजे त्याचं भाषांतर करायला आधी तोच हवा. म्हणून मी नव्या मशीनसाठी एक छोटा, कामचलाऊ कंपायलर लिहितेय. त्याने तुमचा एकदा वाचायचा, नव्या मशीनच्या आकड्यांत उतरवायचा आणि बाजूला व्हायचं. सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात ही ओळ आली:

मिनिट = मिनिट

ही काय चेष्टा आहे आत्या? मिनिट म्हणजे किती, हे लिहिलंयस कुठे?

तुझी,
भुंगा

&nbsp;

११ जानेवारी

प्रिय भुंगा,

आशीर्वाद नंतर, आधी भांडण. ‘एका खोलीत बसून केलेली भाषा’ म्हणजे काय? भाषा काय मैदानात पळत पळत करतात? सांग तुझ्या साहेबांना, ती खोली पंपघराच्या वर होती, खालून सगळी जमीन थरथरायची, आणि कागदावरचा पेन्सिलीचा आकडासुद्धा सरळ यायचा नाही. त्या खोलीत बसून आम्ही केलं ते त्यांच्या वातानुकूलित डोक्यात शिरायचं नाही.

तुला वाटतं कंपायलर जगाच्या सुरुवातीपासून आहेत. अगं, आधी नुसते आकडे होते. माणूस बसून आकडे लिहायचा, एक चुकला की सगळं मुसळ केरात. मग आकड्यांना छोटी छोटी नावं दिली, तेव्हा लोकांना वाटलं झाली चैन. आणि मग कोणीतरी म्हणालं, आपण आपल्या शब्दांत लिहू, भाषांतर मशीनच करेल. तर चांगले जाणते लोक हसले! म्हणे, माणसाच्या हाताची सर मशीनला येणार नाही, असला प्रोग्राम रांगत चालेल. आमच्या इथेही हेच. मी पाटची कल्पना मांडली तेव्हा एक साहेब म्हणाले होते, ‘बाई, व्हॉल्व्हला कविता ऐकवायची आहे का?’ वर्षभराने तेच साहेब स्वतः पाटमध्ये लिहीत होते. हे मी विसरलेले नाही आणि त्यांनाही विसरू दिलं नाही.

आता तुझा प्रश्न. पहिला कंपायलर आम्ही हाताने, आकड्यांत लिहिला. जेमतेम काही शब्द कळायचे त्याला. मग तेवढ्याच शब्दांत त्याच्याहून शहाणा दुसरा लिहिला आणि पहिल्याकडून त्याचं भाषांतर करून घेतलं. दुसऱ्याकडून तिसऱ्याचं. जुना नव्याला शिकवतो आणि रिटायर होतो. माणसांनाही हे जमलं असतं तर ऑफिसं सुधारली असती.

आणि माझ्या खोलीचा एक नियम होता: शिकवून झालं की फळा पुसायचा. कंपायलरला एखादी गोष्ट एकदा कळली, की तो आकडा प्रोग्राममध्ये लोळत ठेवायचा नाही. ‘मिनिट म्हणजे तीन हजार ठोके’ असं एकदा लिहिलं, भाषांतर केलं. आता त्याला मिनिट कळतं. मग ती ओळ बदलून ‘मिनिट = मिनिट’ करून ठेवली. पुढच्या खेपेला जुना कंपायलर ती ओळ वाचतो, स्वतःला माहीत असलेला आकडा काढतो आणि नव्याच्या पोटात ठेवतो. प्रोग्राम कसा स्वच्छ दिसतो! माझ्या हाताखालच्यांना मी आकडे लोळवू दिले नाहीत.

मिनिट म्हणजे साठ सेकंद. त्या मशीनच्या घड्याळाचे सेकंदाला पन्नास ठोके, म्हणून तीन हजार. मीच शिकवलं, मीच पुसलं. विचारतेस काय!

पाट वाचव. तोंडाने म्हणणार नाही, पण वाटतं ते लिहून टाकते: मी गेल्यावर माझं काय उरावं असं कोणी विचारलं, तर मी घर नाही दाखवणार, पाट दाखवेन.

तुझी,
आत्या

ता. क. पत्र पोस्टात टाकायला मी निघालोय आणि पाकीट अजून उघडं आहे. जरा दम धर. मिनिटाच्या बाबतीत तर विशेष. मी लिहिलंय हे तिला सांगू नकोस. — काका

&nbsp;

२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

झालं! तुझा पाट नव्या मशीनवर बोलतोय!

माझ्या कामचलाऊने तुमचा कंपायलर वाचला आणि उतरवला. मग त्या नव्याला मी त्याचंच भाषांतर करायला लावलं. त्यातून जो निघाला त्याला पुन्हा तेच. दोन्ही खेपांना बाहेर आलं ते अगदी तंतोतंत सारखं, एका आकड्याचा फरक नाही. याहून मोठा पुरावा काय हवा? मी खुर्चीतून उठून नाचले आणि पाना दारात उभा राहून बघत होता. पाना म्हणजे आमचा फिटर. खिशात कायम पाना असतो म्हणून पाना. खरं नाव पगारपत्रक सोडून कोणी वापरत नाही.

मिनिटाला तू सांगितलेले साठ सेकंद घातले. तू सांगितलंस म्हणजे झालंच. पुढच्या आठवड्यात डोंगरावरच्या लाइनवर चाचणी आहे. साहेब स्वतः येणार, ती कंपनीची माणसंही येणार. येऊ देत, त्यांनाही बघू दे.

काकांना सांग, दम धरतेय, वेळेवर जेवते, वेळेवर झोपते. उगाच काळजी करू नका म्हणावं.

तुझी विजयी,
भुंगा

&nbsp;

१२ फेब्रुवारी

आत्या,

चाचणी फसली.

सकाळी सगळं नीट चाललं होतं. टाकी भरली, व्हॉल्व्ह मिटायला लागला, मी साहेबांकडे बघून हसलेसुद्धा. आणि पाइपात धाडकन दणका बसला. मग दुसरा. भिंतीवरची घड्याळं हलली. वाहतं पाणी एकाएकी अडलं की जाऊन आदळतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. कानांनी ऐकलं ते पहिल्यांदा. उताराच्या रस्त्यावर एक सांधा फुटला आणि रस्ताभर पाणी उसळलं. कोणाला लागलं नाही, हे नशीब. पानाने धावत जाऊन हाताने चाक फिरवून लाइन बंद केली. परत आला तो चिंब.

कंपनीच्या माणसांनी फक्त एकमेकांकडे बघितलं, आणि तेच मला जास्त लागलं.

साहेब म्हणाले, ‘जुन्या मशीनवर असं कधी झालं नाही. म्हणजे तुझं चुकलंय, किंवा तुझ्या भाषेचं.’ मार्चच्या पहिल्या आठवड्यात आणखी एक संधी आहे. ती शेवटची.

मी एकूण एक ओळ तपासली आहे. व्हॉल्व्ह तेच, मोटर तीच, प्रोग्राम तोच. आत्या, काय चुकलं असेल? लवकर लिही.

भुंगा

&nbsp;

१७ फेब्रुवारी

भुंगा,

आधी डोळे पूस. मग नीट ऐक. भाषेचं चुकलेलं नाही. माझ्या भाषेला नावं ठेवायला तुझे साहेब अजून शाळेत जायला हवेत.

मोटरला तेल घातलं होतं का? सांधा जुना असेल. त्या कंपनीवाल्यांना कोणी व्हॉल्व्हजवळ एकटं तर सोडलं नव्हतं ना? मी कोणावर संशय घेत नाहीये, विचारतेय फक्त. मिनिटाचं म्हणशील तर त्याच्यावर शंकासुद्धा घेऊ नकोस. कारण त्या मिनिटावरून जेवढं भांडण झालं तेवढं या घरात पडद्यांच्या रंगावरूनही झालं नाही.

सांगते. तेव्हा तुझे काका पाइपलाइनचे इंजिनिअर होते. पिवळं हेल्मेट, चिखलाचे बूट, आणि त्या बुटांनी थेट माझ्या खोलीत. पाटमध्ये लिहायला मीच शिकवलं त्यांना. दुपारी यायचे, बाकावर बसायचे, आणि खरं सांगायचं तर चटकन शिकले. एक दिवस म्हणाले, ‘बाई, तुमचं मिनिट जरा लांबवा. पाळीवाली पोरं घाईचे आकडे लिहितात. पाच मिनिटं हवीत तिथे तीन. व्हॉल्व्ह भसकन मिटतो आणि खाली माझे पाइप दणके खातात.’

मी म्हटलं, ‘पोरांना शिकवा.’

म्हणाले, ‘पोरं बदलत राहतात. तुमचा कंपायलर बदलत नाही. त्याला शिकवा.’

मी म्हटलं, ‘मिनिट म्हणजे मिनिट. भाषेने खोटं बोलायचं नाही.’ तीन वेळा आले, तीन वेळा हेच सांगितलं. तिसऱ्यांदा जरा मोठ्यानेच सांगितलं. मान डोलवून गेले. त्यानंतर विषय काढला नाही, आणि लवकरच पाइप शांत झाले. म्हणजे पोरं शिकली! म्हणजे माझंच बरोबर होतं! हे मी माझ्या निरोप समारंभातही भाषणात सांगितलं होतं, तू होतीस की. मग त्यांनी लग्नाचं विचारलं. मी हो म्हटलं, कारण म्हटलं, हा माणूस ऐकून घेतो. त्या मिनिटाच्या बाबतीत तुझ्या काकांनी पहिल्यांदा आणि शेवटचं माझं ऐकलं.

तेव्हा मिनिट सोडून बाकी सगळं तपास.

तुझी,
आत्या

ता. क. तिचं सगळं खरं आहे, फक्त शेवटची दोन वाक्यं सोडून. आता गंमत राहिली नाही, रस्त्यावर सांधा फुटलाय. नवं मशीन बंद ठेव. जुन्या मशीनच्या कंपायलरला एकच ओळ दे: ‘एक मिनिट थांब.’ भाषांतरात काय आकडा येतो तो बघ. आणि कळव ते मला, तिला नको. मागच्या वेळी ‘दम धर’ लिहिलं ते तुझ्या जेवणाबद्दल नव्हतं गं. — काका

&nbsp;

२२ फेब्रुवारी

ती. काकांना,

मुद्दाम तुमच्या नावावर पत्र पाठवतेय. काय लिहू, हसू की रडू?

तुमचं पत्र आलं तेव्हा पाना जवळच उभा होता. मी म्हटलं, ‘चल रे, जुन्या मशीनकडे.’ तर तो म्हणाला, ‘एक पाटमिनिट, आलोच.’ आणि चहा प्यायला गेला. काका, कंट्रोल रूममध्ये सगळे असंच म्हणतात! ‘मिनिटात आलो’ म्हणजे लगेच, आणि ‘पाटमिनिटात आलो’ म्हणजे चहा पिऊन, थोड्या गप्पा मारून. इतकी वर्षं ऐकतेय मी हे. मला वाटायचं, जुनं मशीन हळू चालतं म्हणून थट्टा करतात. मी पानाला विचारलं, हा शब्द कुठून आला? तो म्हणाला, ‘मला ज्यांनी शिकवलं ते म्हणायचे. व्हॉल्व्ह म्हातारे झालेत, त्यांना मिनिटाला जरा जास्तच वेळ लागतो.’

जुन्या कंपायलरला ती एक ओळ दिली. आत्याच्या हिशेबाने तीन हजार ठोके यायला हवे होते. आले चार हजार.

म्हणजे ऐंशी सेकंद. व्हॉल्व्ह म्हातारे नव्हतेच, मिनिटच लांब होतं. या शहरातला प्रत्येक व्हॉल्व्ह चाळीस वर्षं दर मिनिटाला वीस सेकंद जास्त घेऊन हळूच मिटतोय, आणि मी एका सकाळीत ते वीस सेकंद काढून टाकले.

प्रोग्राममध्ये कुठेच चार हजार लिहिलेले नाहीत. पहिल्या कागदापासून शेवटच्या फाइलपर्यंत ‘मिनिट = मिनिट’. आकडा फक्त कंपायलरच्या पोटात आहे, आणि जुन्याने नव्याला देत देत इथवर आणलाय. मीच मधे माझा कामचलाऊ घुसवला आणि साखळी तोडली.

काका, हे तुम्ही केलंत ना? कधी केलंत? आणि आत्याला आता कोण सांगणार? मी नाही.

तुमची,
भुंगा

&nbsp;

२७ फेब्रुवारी

भुंगा,

पत्र त्यांच्या नावाचं होतं, उघडलं मी. या घरात चष्मा ज्याच्या डोळ्यांवर असतो तो पत्र उघडतो.

वाचलं. पुन्हा वाचलं. मग बाल्कनीत गेले. हे गृहस्थ कुंड्यांना पाणी घालत होते, झारीने, थेंब थेंब, जसं काही आयुष्यात कधी कोणाचं वाकडं केलं नाही.

‘ऐंशी,’ मी म्हटलं.

झारी थांबली. ‘सापडलं का? हुशार आहे पोरगी.’

हुशार आहे पोरगी! एवढंच! मी म्हटलं, ‘कधी केलंत?’

‘तू तुझ्या भावाच्या लग्नाला आठवडाभर गेली होतीस तेव्हा.’ म्हणजे तुझे आईबाबा बोहल्यावर उभे होते आणि इथे हे माझ्या खुर्चीत बसून माझ्या कंपायलरला चार हजार शिकवत होते. एकदा भाषांतर केलं, आणि मग ओळ होती तशी करून ठेवली. ‘तुझाच नियम,’ म्हणाले, ‘शिकवून झालं की फळा पुसायचा. मी अगदी स्वच्छ पुसला.’

भुंगा, मला इतका संताप आला की झारी हिसकावून घेतली. मी म्हटलं, ‘मी तीन वेळा सांगितलं होतं, भाषेने खोटं बोलायचं नाही!’

तर म्हणाले, ‘आणि मी तीन वेळा सांगितलं होतं, पाइप फुटतील.’

‘मग नंतर तरी सांगायचं!’

‘सांगणारच होतो. पण लग्नाहून परत आलीस तीच तडक पंपघरात उतरलीस. पाइपाला कान लावलास आणि म्हणालीस, बघा, किती शांत आहेत, पोरं शिकली. इतकी खूश होतीस की माझ्याच्याने बोलवलं नाही. मग राहूनच गेलं.’

त्या दिवसाचं मला लख्ख आठवतं. पाइप गार होता आणि आत पाणी नुसतं सरकल्यासारखं वाजत होतं. मी वर बघितलं तर हे हेल्मेट हातात धरून हसत होते. मला वाटलं, माझ्यावर खूश होऊन हसतायत.

लाज वाटली मला. राग उतरल्यावर लाजच वाटली. भर सभेत मी छाती काढून सांगितलं, माझं मिनिट खरं होतं म्हणून पाइप टिकले. आणि हे गृहस्थ पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते! सगळ्यात जोरात!

दोन दिवस मी बोलले नाही त्यांच्याशी. बोलायचं नाही हे ठरवणं सोपं, पण चष्मा कुठे आहे ते यांनाच माहीत असतं.

आता निकाल ऐक. पाइपांच्या बाबतीत ते बरोबर होते. हे मी लिहून देतेय, त्यांना दाखवू नकोस. पण भाषेच्या बाबतीत मीच बरोबर होते आणि आहे. ऐंशी सेकंदांना मिनिट म्हणून ठेवलं, म्हणून तर तू फसलीस. सावकाशीला माझी ना नाही, पण तिला तिचा स्वतःचा शब्द दे. मिनिटाला त्याचे साठ सेकंद परत कर.

आणि फळा पुसायचा नाही. माझा नियम होता, मीच मोडतेय. माणूस येतो, शिकवतो, पुसतो आणि निघून जातो. मागून येणाऱ्या पोरीने काय हुंगून ओळखायचं? आकडा लिही, का ते लिही, आणि लोळू दे तिथेच.

जा, जिंकून ये.

आत्या

(खाली काही नाही. पाकीट मी स्वतः चिकटवलंय.)

&nbsp;

४ मार्च

प्रिय आत्या आणि काका,

दोघांना एकत्र लिहितेय. चष्मा कोणाच्याही डोळ्यांवर असू दे.

आधी कंपायलरला एक नवा शब्द शिकवला. मग सगळ्या प्रोग्राममध्ये व्हॉल्व्ह मिटवताना जिथे जिथे ‘मिनिट’ होतं तिथे तो घातला. पाळीवाल्यांना बोलावून दाखवलं. पानाने वाचलं, मान खाजवली आणि म्हणाला, ‘हे बरं झालं. आता चहाला जाताना खरं बोलता येईल.’

मग चाचणी. तीच लाइन, तेच साहेब, तीच कंपनीची माणसं. या वेळी मी कोणाकडे बघून हसले नाही. खाली उतरले आणि आत्या, तुझ्यासारखा पाइपाला कान लावला. व्हॉल्व्ह मिटायला लागला. पाणी हळूहळू मंद होत गेलं, मग नुसतं सरकल्यासारखं वाजलं, आणि मग काहीच नाही. दणका नाही, धडधड नाही. मी कान काढेचना. शेवटी पाना म्हणाला, ‘मॅडम, झालं. कधीचं झालं.’

साहेबांनी पुन्हा एकदा करायला लावलं. पुन्हा तसंच. मग त्यांनी पाळीवाल्यांच्या प्रमुखाला विचारलं, ‘तुम्हाला कोणतं हवं? हे की तयार?’ तो म्हणाला, ‘साहेब, हे आम्ही स्वतः बदलू शकतो.’ साहेबांनी सही केली. पाट राहिला. सगळ्या लाइनी उन्हाळ्याच्या आत नव्या मशीनवर येतील, आणि नव्या पाळीवाल्यांना पाट शिकवायचा वर्ग मी घेणार आहे.

आता कंपायलरमधल्या या ओळी वाचा. अक्षरशः अशाच आहेत, आणि अशाच लोळत राहणार आहेत:

मिनिट = ६० सेकंद. हे आत्याचं. भाषेने खोटं बोलायचं नाही.
दम = ८० सेकंद. हे काकांचं. पाइपांना घाई सोसत नाही.
या ओळी पुसू नयेत.

काका, शब्द तुमच्याच पत्रातून उचलला. पाळीवाले आता लिहितात, ‘व्हॉल्व्ह सात दोन दमांत बंद.’ वाचायलाही बरं वाटतं.

तुमची,
भुंगा

&nbsp;

१० मार्च

प्रिय भुंगा,

पत्र मी मोठ्याने वाचलं. त्या तीन ओळी आल्या तेव्हा चष्मा पुसायला थांबले. मग यांनी माझ्या हातातून पत्र घेतलं आणि त्या ओळी पुन्हा मोठ्याने वाचल्या. ‘आत्याचं’ वर जरा थांबले.

तू माझं मिनिट मला परत दिलंस. चाळीस वर्षं ते हरवलंय हेसुद्धा मला माहीत नव्हतं. आणि हरवलं ते कोणाकडे हे कळल्यावर आता फारसं वाईटही वाटत नाही. एवढं पुरे, जास्त लिहिलं तर तू चढून बसशील.

वर्गात पहिल्या दिवशी पोरांना पंपघरात ने. आधी पाइपाला कान लावायला सांग, मग भाषा शिकव. मी उलट्या क्रमाने शिकले, म्हणून एवढा उशीर झाला.

आजपासून या घरात चोरून ताजा कलम लिहायचा नाही असं ठरलंय. म्हणून खाली जागा सोडली आहे. ते माझ्यासमोर बसून लिहितील, आणि मी वाचेन.

तुझी,
आत्या

लिहितोय. ती खुर्चीमागे उभी आहे, पाकीट आणि डिंक घेऊन. म्हणते, आटपा, पोस्टाची पेटी उघडायची वेळ झाली. मी म्हटलं, दम धर. ती म्हणाली, किती? मी म्हटलं, ऐंशी सेकंद. उभी आहे अजून. — काका